अप्पांकडं तोंड करून

उदगीरला महादेवप्पांचं भांड्याचं दुकान. त्यांची थोरली स्वप्नाली लातूरला इंजिनिअरिंगला होती, आणि वाद घालायला तिला निमित्त लागत नसे. कॉलेजच्या रोबो-संघात पहिला वाद पेटला तो चाकांवरून. रोबोला मैदानात आडवंही सरकता यायला हवं होतं. संघातल्या रविकिरणचं मन कडेला आडवे रूळ असलेल्या तीन ओम्नी चाकांवर होतं, मोटारी कमी आणि वजनही कमी. स्वप्नालीला हवी होती कडेला तिरपे रूळ असलेली चार मेकॅनम चाकं.

"तीन चाकांची रिक्षा उलटती," ती म्हणाली.

"रिक्षा आडवी जात न्हाई, म्हणून उलटती!"

"आपल्याला चेंडूंची टोपली ढकलायची हाय. तुझ्या तिघांत तेवढा दम न्हाई."

रविकिरण दमला आणि मेकॅनम आली. बसवताना डावी चाकं उजवीकडं गेली, उजवी डावीकडं. रोबोला वळ म्हटलं की तो नुसता हीव भरल्यासारखा थरथरायचा. चाकं बदलली तशी तो खेकड्यासारखा सुरेख आडवा पळू लागला. पण चालवताना त्याचं तोंड स्वप्नालीकडं झालं, की तिचा डावा हात त्याचा उजवा व्हायचा. यावर तिनं दिशा ओळखणारा जायरो बसवला. रोबो सुरू होताना त्याचं तोंड जिकडं, ते कायमचं 'पुढं'. मग तो गिरक्या घेईना का, रिमोटची स्टिक पुढं ढकलली की तिकडंच जाणार.

स्पर्धा नांदेडला होती. महादेवप्पा दुकान बंद ठेवून आले आणि मैदानाच्या डाव्या अंगाला, पहिल्या रांगेत बसले. "त्याचं तोंड इकडं करा की, फोटो काढतो," ते म्हणाले. रविकिरणनं रोबो त्यांच्याकडं वळवला, दिवे चमकावेत म्हणून सुरूही केला आणि फोटो झाल्यावर बंद न करताच सरळ नेऊन ठेवला.

शिट्टी वाजली. स्वप्नालीनं स्टिक पुढं ढकलली, तर रोबो निघाला थेट अप्पांच्या दिशेनं! बंद करून पुन्हा चालू करायला नियमाची परवानगी नव्हती. क्षणभर तिनं रविकिरणला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. रोबोचं 'पुढं' अप्पांकडं असेल, तर आपणच तिकडं तोंड करावं. ती जागच्या जागी डावीकडं वळली, मान मात्र मैदानाकडं मुरडलेली. स्टिक आणि रोबोचं सूत लगेच जुळलं.

महादेवप्पांना वाटलं, पोरगी आपल्याकडंच वळलीय. "काय पाहिजे गं? पाणी आणू का?"

"अप्पा, बसा खाली!"

"चक्कर यायली का?"

"न्हाई हो!" म्हणत तिनं टोपली रेषेपार ढकलली.

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. अशी भलतीकडं तोंड करून चालवणारी खेळाडू त्यांनी पाहिली नव्हती, पण नियमात खेळाडूनं कुठं तोंड करावं याबद्दल अक्षरही नव्हतं. संघ तिसरा आला. बक्षीस घेताना स्वप्नालीची मान वळेना, म्हणून फोटोवाल्यालाच तिच्या उजव्या बाजूला जावं लागलं.