डोकेदुखीची डॉक्टर

आमच्या इस्पितळाच्या दारावर माझा फोटो छापलेला भला मोठा फ्लेक्स आहे. त्याच्याकडे बघितलं की मला शिसारी येते, म्हणून मी खाली मान घालून आत जाते. डॉक्टरकी तंजावुरातच शिकले, मेंदूचं पुढचं शिक्षण चेन्नईत केलं आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून परत इथंच आले. एवढं घासून जे मिळवलं ते सगळं त्या फ्लेक्सवर आहे. खाली रोगांची यादी: पक्षाघात, अर्धशिशी, कंपवात, म्हातारपणचा विसर. फक्त फिट्स नाहीत. तमिळमध्ये आम्ही वलिप्पु म्हणतो. माझे निम्मे पेशंट त्याचेच, पण मालक म्हणाले, "मॅडम, तो शब्द वर लिहिला तर खाली बाकावर बसेल कोण?" आणि राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली आमची मराठी माणसं तर मागच्या दारानं येतात. औषधांच्या खोक्यांतून अंग चोरत येतील, पण पोरीला फिट येते हे शेजाऱ्याला कळू देणार नाहीत. मला किळस येते. रोगाची नव्हे हो, रोगाची कसली किळस!

माझ्या लांबच्या चुलतबहिणीची मुलगी अशीच मागच्या दारानं यायची. कॉलेजात असताना तिला फिट्स सुरू झाल्या. गोळ्या चांगल्या लागू पडल्या, आणि पुढं ती तिरुवैयारूच्या शाळेत गणित शिकवायला लागली. रोज आई बसपर्यंत पोचवायला जायची, संध्याकाळी आणायला जायची. शेवटची फिट येऊन बराच काळ लोटल्यावर पोरीनं मला विचारलं, "मावशी, मोपेड घेऊ?" मी कितीतरी दिवस टोलवाटोलवी केली, मग भीत भीत हो म्हटलं. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, एवढ्या अटीवर. एकदा तिनं मला मागं बसवून कालव्याच्या कडेकडेनं नेलं. दोन्ही बाजूंना भातशेतं, आणि ही बया रस्ताभर मोठमोठ्यानं बोलतेय. घरात तिचा एवढा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा कोइम्बतूरचा, आपल्यातलाच. बहीण मला साखरपुड्याला बोलवायला आली ती दबक्या आवाजातच.

"अक्का, निश्चितार्थाला ये. पण कुणी विचारलं तर डोकेदुखीची डॉक्टर आहे म्हणून सांग."

"म्हणजे त्यांना सांगितलं नाहीस तू?"

"सांगू की नंतर. एकदा मंगळसूत्र गळ्यात पडलं की जातात कुठं?"

"मी खोटं बोलणार नाही."

"मग बोलूच नको. जेव आणि जा."

तिथल्या तिथं तिला हाकलावंसं वाटलं. पण पोरीसाठी राग गिळला. "गोळ्या चालू आहेत ना तिच्या?" एवढंच विचारलं. बहीण म्हणाली, "हो गं बाई, हो."

निश्चितार्थाच्या दिवशी मला हॉलच्या पार टोकाला, स्वयंपाक्यांच्या चुलीशेजारी बसवलं. व्याह्यांपैकी कुणी माझ्याशी बोलू नये म्हणून! समोर फळांची ताटं मांडली, पोर नवी साडी नेसून बसली, आणि ताट हातात घेताना धाडकन आडवी झाली. मी प्लास्टिकच्या खुर्च्या ढकलत पोचेपर्यंत तिच्या मामानं बीरोच्या, म्हणजे कपाटाच्या, किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला होता. "लोखंड धरा, लोखंड!" असा नुसता कालवा. कुणीतरी दातांत स्टीलचा चमचाही घुसवलेला. मी सगळ्यांना ढकललं, चमचा काढला, तिला कुशीवर वळवलं. पुढचा दात अर्धा तुटला होता. साडीवर रक्त.

"चमचा कुणी घातला?"

"मी. नाहीतर जीभ तुटली असती," मामा म्हणाला. अगदी ऐटीत!

बहीण व्याह्यांना हात जोडून सांगत होती, "उपास होता, चक्कर आली. हो ना, अक्का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"ती शुद्धीवर येऊ दे," मी म्हटलं. "काय सांगायचं ते तिचं ती सांगेल."

बऱ्याच वेळानं पोर उठून बसली. कुठं आहोत हे तिला हळूहळू कळलं. तोंडावरचा रुमाल बाजूला करून ती तमिळमध्येच बोलली, म्हणजे मागच्या स्वयंपाक्यालाही समजावं. "चक्कर नाही. वलिप्पु आहे मला. पाहुणे घरात उतरणार, गोळ्या दिसतील, म्हणून आईनं त्या काढून घेतल्या."

नवरामुलगा आईकडं बघत राहिला. त्याची आई उठली. जाताना आणलेली फळांची ताटंसुद्धा उचलून नेली त्यांनी. शी!

आतल्या खोलीत मी पोरीला गोळी दिली. मामा दारात किल्ल्या खुळखुळवत म्हणत होता, "लोखंडानंच थांबली, बघितलंत ना?" मी त्याला बाहेर काढलं. बहीण पोरीची हनुवटी वर करून दात निरखत होती. मला वाटलं, आता तरी हिला काही वाटेल.

"अक्का, दातांचा चांगला डॉक्टर आहे का गं ओळखीचा? दुसऱ्या स्थळाला फोटो पाठवायचा तर हा असा दिसायला नको."

पोरीनं माझा पदर ओढला.

"मावशी, मोपेड?"

मी कितीतरी जणांना हे सांगितलंय, पण तिला सांगणं जिवावर आलं. "आता नाही, राणी. पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची."

फिट आली, दात तुटला, लग्न मोडलं, तरी ती रडली नव्हती. आता हुंदके देऊन रडायला लागली.

बहिणीनं तिला जवळ घेतलं. "रडू नको गं," ती म्हणाली, "दुसरा मिळेल."