पेटीला घर मिळालं

राजापूरच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. मांडीवर जुन्या धोतरात बांधलेलं जड गाठोडं. गाडी वळली की आत लोखंड वाजायचं आणि तिचा हात आपोआप त्यावर जायचा.

"ते भंगार वरती टाका ना, मावशी," कंडक्टर म्हणाला. तिने ऐकलंच नाही, असं मला वाटलं.

तिचा नवरा होड्या बांधायचा. तो गेला, मुलगा कुवेतला. म्हणून नवऱ्याची हत्यारांची पेटी घेऊन ती रत्नागिरीत पुतण्याकडे गेली होती. त्याचं फर्निचरचं दुकान आहे. "कोणतरी वापरील, असं वाटलं," ती म्हणाली.

पुतण्याला पेटी फार आवडली. सागवानी, पितळी कड्यांची. रंधा, वाकस, पटाश्या त्याने तिथेच जमिनीवर काढून ठेवल्या. त्याच्याकडे मशिनं होती. हिचा चहा संपेपर्यंत त्याच्या बायकोने पेटीवर गादी घालून बाजूला कुंडीही मांडली. "काकी, बघा कशी शोभते!"

जुन्याचं कौतुक हल्ली असंच असतं. आतलं काढायचं आणि वरून पॉलिश मारायचं.

"मग पेटी परत का नाही मागितलीत?" मी चिडून विचारलं.

"दिलेली वस्तू परत कशी मागू?" तिने गाठ पुन्हा आवळली. "हत्यारं मोडकी असती तर खाडीत सोडली असती हो. धड आहेत, हाच घोळ."

तिचा थांबा आला. गाठोडं उतरवायला कंडक्टरने हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "भंगार आहे."