जरा बरं वाटत नाही

घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत. कायद्याचं पुस्तक तिनं कधी हातातही धरलं नव्हतं. होती साधी नर्स, बाळंतिणींच्या वॉर्डातली. पण बायकांची बाजू घेऊन डॉक्टरांशी, नवऱ्यांशी, सासवांशी भांडायची तिला भारी खोड. धाकट्या बहिणीनं चेष्टेत ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं.

वॉर्डात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बाईच्या जिवावर बेतलेलं असो, रक्त जात असो, पोटातलं मूल हलेनासं झालेलं असो, ती दारात उभी राहून एवढंच म्हणायची, "जरा बरं वाटत नाही." आणि समोरचं माणूस म्हणायचं, "पडून राहा, वाटेल बरं." या एवढ्याशा वाक्यापायी किती जणी हकनाक गेल्या! वकीलबाईला त्याची चीड यायची, आणि यायलाच हवी होती. ती नर्सना बजावू लागली, की हे वाक्य कानावर पडलं की हातातलं काम टाका आणि विचारा: नेमकं काय होतंय? कधीपासून? जवळ कोण आहे?

हे कुठल्याशा संस्थेच्या कानावर गेलं आणि त्यांनी तिला परिषदेत हेच बोलायला बोलावलं. तालीम स्वयंपाकघरात झाली. आई भाजी निवडत होती आणि धाकटी ओट्यावर बसून चुका काढत होती. "ताई, जरा हळू. गाडी सुटतेय का तुझी?" चार दिवसांत धाकटीला भाषण तोंडपाठ झालं. वकीलबाई अडली की पुढचं वाक्य तीच पुरवायची.

भाषण गाजलं. मग वॉर्ड सुटला आणि विमानं सुरू झाली. गळ्यात ओळखपत्र, कानात दुभाष्याचा आवाज, आणि देशोदेशीच्या साहेबलोकांशी ठरावातल्या एकेका शब्दावरून घासाघीस. बाळंतपणातली देखभाल ही 'सोय' नव्हे, 'हक्क' आहे, असं लिहून घ्यायला तिची वर्षं गेली. घरी ती पाहुण्यासारखी यायची. "वकीलबाईंची तारीख मिळेल का?" असं धाकटी फोनवर विचारायची, आणि दोघी हसायच्या.

त्या दिवशी ठरावातून 'हक्क' हा शब्दच गाळायचा घाट घातला गेला होता. बैठकीची दारं बंद व्हायच्या बेतात होती, तेवढ्यात धाकटीचा फोन आला. तिला सहावा महिना लागला होता, नवरा कामासाठी परगावी होता, आपल्या घरी ती एकटीच होती.

"ताई, कामात आहेस?"

"बोल पटकन."

"काही नाही गं. जरा बरं वाटत नाहीये."

"पडून राहा. संध्याकाळी करते फोन."

धाकटी लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं."

शब्द वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हात हातात घेतले. संध्याकाळी तिनं धाकटीला फोन लावला तो आईनं उचलला. सकाळपासून रक्त जात होतं. ताईनं सांगितलं म्हणून धाकटी पडून राहिली. शेजारणीनं दार वाजवलं तोवर फार उशीर झाला होता. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली, आणि पोटातलं मूलही.

लोकांनी वकीलबाईची समजूत घातली, की तुला दुरून काय कळणार होतं? पण धाकटीला भाषण पाठ होतं. पुढचं वाक्य काय आणि ते म्हणायची पाळी कुणाची, हे तिला पक्कं माहीत होतं. ती त्याचीच वाट बघत थांबली होती. हे कुणाला सांगायचं?

वकीलबाईनं काम सोडलं नाही. दुसरं येत काय होतं तिला? पुढच्या परिषदेत लोकांनी तेच जुनं भाषण मागितलं. ती उभी राहिली, "जरा बरं वाटत नाही" इथवर आली आणि अडली. सभागृह थांबून राहिलं. पुढचं वाक्य पुरवायला कोणी नव्हतं. पाण्याचा घोट घेऊन ती खाली उतरली ती थेट हॉटेलच्या खोलीत गेली.

आईचा फोन आला. त्या दिवसाबद्दल आईनं आजवर चकार शब्द काढला नव्हता. आजही तिनं नेहमीसारखंच विचारलं, "कशी आहेस?"

"जरा बरं वाटत नाही, आई."

पलीकडे भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. आईनं हातातलं काम टाकलं होतं.

"नेमकं काय होतंय?" आई म्हणाली. "कधीपासून? जवळ कोण आहे तुझ्या?"

 वकीलबाईला रडू फुटलं. आईनं फोन ठेवला नाही.