झापडांतला कठडा

वाळूजच्या कारखानपट्ट्यात चार डिझाइनवाले चहाला जमले की डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटचे किस्से निघतात. एकानं सांगितला की दुसऱ्याला आठवतो, आणि सुरुवात नेहमी हसतच होते. माझे सगळे किस्से एकाच प्लॅटफॉर्मचे आहेत.

परदेशातून शिकून आले तेव्हा एकच ध्यास होता. कारखाना उभा राहण्याआधी, तिथं राबणाऱ्या प्रत्येकानं तो कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये आतून फिरून पाहावा. नकाशा न कळणाऱ्यानंसुद्धा. म्हणून पहिल्याच रिव्ह्यूला साहेबलोकांबरोबर वेल्डर विजयलाही बोलावलं. त्यानं हेडसेट उलटसुलट फिरवून पाहिला.

"मॅडम, ही तर टांग्याच्या घोड्याची झापडं हायेत."

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात हेडसेटला कुणी हेडसेट म्हटलं नाही.

*

प्लांट मॅनेजरांनी झापडं लावली. मशीन बसवायच्या उंच प्लॅटफॉर्मच्या कडेला पोचले आणि ऑफिसच्या फरशीवर मटकन बसले. "कठडा कुठंय? माणूस मरेल इथं!"

मी तिथल्या तिथं मॉडेलमध्ये पिवळा कठडा टाकला. साहेब उठले, हवेतच तो धरला. "आता कसं."

विजय हळूच म्हणाला, "साहेब फरशीवरून पडता पडता वाचले."

*

साइटवर प्लॅटफॉर्म उभा राहिला, कठड्याशिवाय. क्रेननं मशीन आत घ्यायचं तर कठडा आडवा येतो, म्हणून तो नंतर. तोवर तात्पुरता तरी लावा, असं सांगायला मी मॅनेजरांकडे गेले.

"मॉडेलमध्ये आहे ना? मग येईलच की."

पुन्हा गेले. "मॅडम, तुम्ही तिकडं शिकलात. इथं मशीन आधी येतं."

परत आले तर विजय वरून ओरडला, "मॅडम, झापडं द्या इकडं. ती लावली की कठडा दिसतो."

मशीन यायच्या आदल्या दिवशी वेल्डिंग करता करता तो मागं सरकला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

*

चौकशीच्या बैठकीत माझं मॉडेल लावलं. भिंतीवर पिवळाधमक कठडा. डिझाइनमध्ये दोष नाही, असं ठरलं.

बाहेर पडताना मॅनेजर म्हणाले, "तुमच्या मॉडेलनं वाचवलं आपल्याला."

"आपल्याला म्हणजे कुणाला, सर?"

त्यांनी मोबाइल कानाला लावला.

*

लासूर स्टेशन या गावाहून विजयचे वडील आले. पोरगं पडलं ती जागा बघायची म्हणाले. शेडला कुलूप होतं. मॅनेजर मला म्हणाले, "बाबांना मॉडेल दाखवा ना."

मी नको म्हटलं. पण बाबांनीच हात पुढं केला. मी त्यांची टोपी काढून बाजूला ठेवली आणि झापडं बांधली.

ते पाय घासत घासत चालले. कडेपाशी थांबले. उजवा हात पुढं गेला, इकडून तिकडं फिरला, बोटं हवेत मिटली.

झापडं न काढताच ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले.

"बाई, कठडा तर हाय की. मग आमचा विजू पडला कसा?"