हात पुढे कराल का, आबा?

व्याकरण शिकवणाऱ्या बाईभोवती किस्से साठतात, यावर विद्यापीठात असताना मी विश्वास ठेवला नसता. कॅन, मे, मस्ट, शुड, वुड या इंग्रजी सहायक क्रियापदांवर तिथे मी एक जाडजूड प्रबंध लिहिला. त्यात हसू येईल असे एकही वाक्य नव्हते. हसू आले ते पुढे, ही क्रियापदे माणसांच्या तोंडी पडल्यावर. आता मैत्रिणी जमल्या की "वर्गाचं काय नवीन?" असे विचारतात, आणि एक किस्सा काढला की त्याच्यामागून बाकीचे धावत येतात.

वर्ग मिरजेत भरतो. दर रविवारी सकाळी, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतल्या एका माडीवर. खाली कोणीतरी तारा जुळवत असते, वर आम्ही वाक्ये. विद्यार्थिनी म्हणजे इथल्या दवाखान्यांतल्या सिस्टर. परदेशातल्या नोकरीसाठी त्यांना व्हिडिओवर मुलाखत द्यावी लागते. पलीकडे बसलेली तिथल्या दवाखान्यातली परीक्षक रुग्णाचे सोंग घेते आणि उमेदवाराने तिच्याशी इंग्रजीत बोलायचे, एवढीच परीक्षा.

म्हसवडची वैशाली त्यात एकदा नापास झालेली होती. शेरा असा होता: कामात उत्तम, मात्र रुग्णावर हुकूम सोडते. दुसऱ्यांदा नापास झाले की परदेशी पाठवणारी एजन्सी नाव कायमचे काढून टाकते.

"परदेशच कशाला?" मी पहिल्याच दिवशी विचारले. उत्तर पगाराचे येणार, अशी माझी खात्री होती.

"मॅडम, हितं एका सिस्टरकडं अख्खा वॉर्ड असतो. तिकडं म्हणं चार-पाचच पेशंट असत्यात. एकदा तरी एखाद्या पेशंटशी सुरू केलेलं बोलणं पुरं करून बघायचंय."

मी फळ्याकडे वळले.

*

पहिल्या तासाला विनंतीचे वाक्य घेतले. खिडकी उघडायला सांगायचे होते. मिरजेचीच सलमा उभी राहिली. वर्गातली सर्वांत बोलकी.

"ओपन द विंडो."

"हा हुकूम झाला. थोडे सभ्य करा."

"प्लीज ओपन द विंडो."

"अजून थोडे. वुड किंवा कुड वापरून बघा."

सलमाने कपाळाला आठ्या घातल्या, ओढणी सावरली, स्वतः चालत गेली आणि खिडकी उघडून जागेवर येऊन बसली.

"मॅडम, आमच्यात याच्यापेक्षा सभ्य काही नसतं!"

*

मी सांगितले, नुसता वर्गातला सराव पुरणार नाही. ही सवय मराठीतसुद्धा लावून घ्या, वॉर्डात वापरा. वैशालीने ते शब्दशः घेतले. सोमवारी सकाळी ती इस्लामपूरकडच्या एका म्हाताऱ्या ऊसवाल्या आबांच्या कॉटशी गेली आणि अत्यंत अदबीने म्हणाली, "हात पुढे कराल का, आबा? मी तुमचं बीपी बघू शकते का?"

आबांनी तिला आपादमस्तक न्याहाळले. "का गं? येत न्हाई व्हय तुला?"

"येतं की. पण बघितलं तर चालेल का तुम्हाला?"

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी बाहेर बसलेल्या मुलाला हाक मारली. "आरं, हिकडं ये! ही पोरगी मला इचारून करायला लागलीया. डाक्टरांनी हात टेकलं आसणार. गाडी बोलव, घरला जाऊ!"

मुलगा घाबरून डॉक्टरांच्या मागे धावला. वैशालीने मग सगळे व्याकरण बाजूला ठेवले. "आबा, गप पडा! हात हिकडं करा!"

"हां," आबा उशीवर टेकत म्हणाले, "आता कसं बरं वाटतंय."

*

वैशालीचे वडील निवृत्त सुभेदार. गुडघ्याच्या उपचारासाठी ते लेकीकडे राहायला आले होते आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून वर्गाला यायचे. सरावासाठी रुग्ण हवाच होता. मी त्यांना बाकावर आडवे व्हायला सांगितले. सलमा सिस्टर झाली.

"सर, वुड यू माइंड टेकिंग धिस टॅब्लेट?"

सुभेदारसाहेब छताकडे बघत राहिले.

"सर, कुड यू प्लीज टेक धिस टॅब्लेट?"

ते ताठ उठून बसले. "मॅडम, ही ऑर्डर हाय का सल्ला? आधी ते क्लिअर करा."

मी समजावले की ऑर्डर मस्टने येते, सल्ला शुडने. ही नुसती विनंती, सभ्य इंग्रजीतली.

"अस्सं!" असे म्हणून ते पुन्हा आडवे झाले. "मग रिक्वेस्ट नामंजूर!"

*

औपचारिक लेखनाचा धडा आला. रोजच्या बोलण्यात कॅन चालतो, अर्जात मे किंवा वुड शोभतो, असे मी सांगितले आणि रजेचा एक नमुना लिहून दिला: आपण दोन दिवसांची रजा मंजूर करू शकलात तर मी आपली ऋणी राहीन, या अर्थाचा. सलमाला चुलत बहिणीच्या लग्नाला जायचे होते. तिने तो अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवून मेट्रनबाईंपुढे ठेवला.

मेट्रनबाईंनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला. "काय गं, नोकरी सोडतीयेस?"

"नाही हो बाई! दोन दिवसांची रजाच मागतेय. बहिणीचं लग्न आहे."

"मग एवढं गोड कशाला लिहिलंयस? माझ्या छातीत धस्स झालं ना!" त्यांनी अर्ज परत केला. "नेहमीसारखं लिहून आण. 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर'!"

*

त्यानंतरच्या एका रविवारी वैशाली वही मिटून बसली.

"मला न्हाई जमायचं, मॅडम. असं मऊ बोललं की खोटं बोलल्यासारखं वाटतं. पेशंटलाबी तसंच वाटतं."

तिचे म्हणणे मला टाकाऊ वाटले नाही. आपल्याकडे परक्याला विचारतात आणि आपल्या माणसाला सांगतात. मी म्हणाले, "मऊ बोलण्याचा प्रश्नच नाही. वुड यू म्हणायचे ते समोरच्याला 'नको' म्हणायला जागा राहावी म्हणून."

"आन् तो खरंच नको म्हणाला तर?"

"तर विचारायचे, का नको."

"आमाला तेवढा वेळच कुठं असतो," ती पुटपुटली. पण वही उघडली.

पुढच्याच आठवड्यात जतकडची एक म्हातारी शस्त्रक्रियेपूर्वी दवाखान्याचा गाऊन घालेना. वॉर्डबॉय मामा ओरडले, मेट्रनबाई ओरडल्या, शिकाऊ डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची धमकी दिली. म्हातारी लुगड्याचा पदर मुठीत धरून बसलेली. शेवटी वैशाली तिच्याशेजारी जाऊन हळूच म्हणाली, "मावशी, गाऊन का नको?"

म्हातारीने तिच्या कानाशी तोंड नेले. "आगं, मागनं समदा उघडा हाय की त्यो! आन् समोर माझा जावई बसलाय!"

जावईबापूंना ताबडतोब चहाला पाठवण्यात आले. ते टपरीवर पोचायच्या आत गाऊन अंगावर होता.

"मॅडम," वैशाली मला सांगत होती, "ओरडण्यात आमचा अर्धा तास गेला. इचारायला काहीच वेळ लागला न्हाई!"

*

मुलाखत सांगलीला, एजन्सीच्या कार्यालयात झाली. खोलीत एक साक्षीदार बसवावा लागतो, तोंडातून अक्षर न काढण्याच्या अटीवर. त्या खुर्चीवर मी होते. सुभेदारसाहेब बाहेर जिन्यात, पायरीवर न टेकता येरझाऱ्या घालत.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, थकल्या चेहऱ्याच्या एक परीक्षकबाई आल्या. त्यांच्या हातात कागद होता. त्यांनी व्हायचे होते शस्त्रक्रियेनंतर अन्न नाकारणारी वृद्ध रुग्ण.

वैशालीने उभ्यानेच नेटकी सुरुवात केली. "मे आय कम इन?" झाले. "कुड आय रेज युवर बेड?" झाले. मी मनातल्या मनात खुणा करीत होते.

"वुड यू लाइक सम सूप?"

"नो," परीक्षकबाई म्हणाल्या. "आय डोन्ट वॉन्ट एनीथिंग."

"मे आय आस्क, व्हाय नॉट?"

परीक्षकबाईंनी कागदाकडे पाहिले. तिथे बहुधा याचे उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या, घरी मी एकटीने कधीच जेवले नाही. आता एकटीनेच जेवावे लागते.

हे त्यांनी रुग्ण म्हणून सांगितले की कसे, मला कळले नाही. वैशालीलाही कळले नसावे. तिच्या ओठांशी एक वाक्य आले आणि परत गेले. पाठ केलेली वाक्ये इथे संपत होती आणि गप्प राहण्याला कोणत्याही परीक्षेत गुण नसतात.

वैशालीने खुर्ची ओढली. पडद्याच्या अगदी जवळ.

"ओके," ती म्हणाली. "आय विल सिट."

आणि बसली. काही बोलली नाही. घड्याळाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले नाही. मांडीवर हात ठेवून, वॉर्डात दुसरा एकही पेशंट नसल्यासारखी ती त्या बाईंकडे बघत बसून राहिली. बाहेर जिन्यात सुभेदारसाहेबांच्या बुटांचा आवाज थांबला.

परीक्षकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हातातला कागद पालथा घातला.

"व्हेन कॅन यू कम?" त्यांनी विचारले.

वैशाली जागची हलली नाही.

"फर्स्ट," ती म्हणाली, "सूप."