कांचनच्या हातचं मीठ

जर्सी सिटीच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये एक गोष्ट ठरलेली होती. पन्नास माणसांचा स्वयंपाक असला तरी मीठ कांचनने घालायचं. ती चव घेऊन बघत नसे. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, हे तिच्या घरचं वळण, आणि ते तिने अमेरिकेतही सोडलं नव्हतं. चिमटीत मीठ घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि सोडायचं. कधी चुकलं नाही. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि का नसावा? परदेशात येऊन डिग्री पेटीत ठेवलेल्या बाईला गर्व करायला दुसरं होतं तरी काय!

तिचा नवरा नरेंद्र मॅनहॅटनमध्ये नोकरीला होता. २००१च्या सप्टेंबरात एका संध्याकाळी तो फेरीबोटीने घरी आला तो अंगभर राखाडी धूळ घेऊन. त्यानंतर त्याची झोप गेली आणि चाळिशीच्या आत ब्लडप्रेशर मागे लागलं. डॉक्टर म्हणाले, शांत ठिकाणी राहा. दोन वर्षं विचार करून त्यांनी न्यू जर्सीच्या पार दक्षिणेला, डेलावेअर बे या समुद्राच्या खाडीकाठी एक लाकडी घर घेतलं. नरेंद्रला तिथल्या शाळांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळालं. पगार निम्मा झाला, पण पहिल्याच रात्री तो नऊ तास झोपला. कांचनला ते घर आवडलं ते त्या नऊ तासांसाठी.

मुलगी अनया दोरीला कोंबडीची मान बांधून खेकडे पकडायला शिकली. त्यांच्याकडे चिकन शिजत नसे, म्हणून माना शेजारचा एल्वुड द्यायचा. हा म्हातारा जन्मभर खेकड्यांवर जगलेला. पहिल्याच हिवाळ्यात तो कुंपणापाशी येऊन म्हणाला, "तुमच्या विहिरीचं पाणी दर वर्षी तपासून घ्या. समुद्र वरून येतो तेव्हा दिसतो. खालून येतो तो दिसत नाही." मग त्याने लाटांकडे बोट दाखवलं. त्याच्या आईची पीचची बाग एके काळी तिथे होती.

"घाबरवतोय यार तो," नरेंद्र घरात आल्यावर म्हणाला. "नवीन माणसं दिसली की करतात असं."

विहीर म्हणजे अंगणातली बोअर, पंप लावलेली. पाण्याला लोखंडाचा वास यायचा, म्हणून प्यायला आणि चहाला दुकानातले कॅन आणि बाकी सगळ्याला नळ, अशी वाटणी त्यांनी पहिल्या आठवड्यातच केली. मग पुन्हा कोणी त्याचा विचार केला नाही.

मागची देवदाराची झाडं उभ्याउभ्या वाळायला लागली. साल गळून पांढरी पडली, पण कोसळली नाहीत. हिरवळीच्या कडेने खाडीतलं गवत दर उन्हाळ्यात हातभर पुढे सरकत होतं. साबणाला फेस येईना. कांचनने साबण बदलला.

आणि नरेंद्रचं प्रेशर उतरायच्या ऐवजी चढायला लागलं. झोप उत्तम, हवा उत्तम, तरी वरचा आकडा एकशे पन्नास, मग एकशे पासष्ट. एका गोळीच्या दोन झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कांचनकडे बघून विचारलं, "जेवणात मीठ कमी केलंय ना?" कांचनच्या मनाला ते लागलं. लोणचं, पापड तिने केव्हाच हद्दपार केले होते. वरणातलं मीठ अर्ध्यावर आणलं, मग पाववर. शेवटी नरेंद्र चोरून चिप्स खातो असं धरून तिने त्याच्या गाडीच्या सीटखाली हात घालून पाहिलं. तिथे पार्किंगच्या जुन्या पावत्या निघाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

२००६च्या गणपतीला जर्सी सिटीहून तिची मैत्रीण नीलांबरी आली. कांचनने हौसेने स्वयंपाक केला, नैवेद्य दाखवला, पानं वाढली. नीलांबरीने वरणभाताचा पहिला घास घेतला आणि पाण्याचा ग्लास उचलला.

"कांचन, राग मानू नकोस हं. वरण खारट झालंय गं. भातसुद्धा. आणि नरेंद्रला तर प्रेशर आहे ना?"

"काहीतरीच काय! भातात मी मीठ घालतच नाही."

"Tastes normal to me," अनया म्हणाली.

नरेंद्रनेही मान डोलावली. कांचनला इतका अपमान वाटला की तिने नीलांबरीला मोदकाचा आग्रहसुद्धा धड केला नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण गेली. भांडी आवरताना मात्र कांचनचा हात नळाच्या तोंडाशी थांबला. तिथे पांढरा थर चढला होता. रोज घासत होती ती तो, तीन वर्षं. ओलं बोट त्यावर टेकवून तिने जिभेला लावलं. मग तिने खिडकीतून त्या पांढऱ्या झाडांकडे पाहिलं. तिला भीती वाटली.

त्या संध्याकाळी तिने नळाच्या पाण्यात कुकर लावला. वरणाला हिंग, हळद, गूळ, वर तूप घातलं. मिठाचा डबा तिने फडताळातून काढलाच नाही.

नरेंद्र खुशीत घरी आला होता. ती मेलेली झाडं काढून तिथे बसायला ओटा बांधू म्हणत होता. "म्हातारपणी इथेच बसायचं आपण. मला आता कुठेही जायचं नाही, कांचन." तो भात कालवत होता. कांचन त्याच्या तोंडाकडे बघत होती. आज तरी त्याने तोंड वाकडं करावं, अळणी म्हणून ताट सरकवावं, एवढंच तिला देवाकडे मागायचं होतं.

त्याने घास गिळला, दुसरा घेतला आणि हसला.

"बघ, नीलांबरीचं काय ऐकतेस? तुझ्या हाताला तोड नाही. आज तर मीठ अगदी बरोबर पडलंय." त्याने ताट पुढे केलं. "वाढ अजून."