दोनदा दाबलं की खालचा गिअर

सध्या नात आमच्या सोसायटीच्या गल्लीत ह्यांची जुनी मोटारसायकल शिकते आहे. मी तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत शेंगा सोलत बसते आणि वरून ओरडते, "दुसरा टाक गं, केव्हाची केकाटतेय ती."

नात हेल्मेटची काच वर करते. "आजी, तुला सायकल तरी येते का?"

नाही येत. हँडल मी जन्मात धरलं नाही. पण खाली रस्त्यावरून कुणाचीही गाडी जाऊ दे, ती कितव्या गिअरमध्ये आहे हे मी डोळे मिटून सांगते. माझं हे शिक्षण मागच्या सीटवर झालं. त्या शिक्षणाचा मला असा माज चढला, की त्यापायी ह्यांच्याशी फार वाईट वागले आणि त्याची माफी मागायची राहून गेली.

साताऱ्याकडून आलो तेव्हा आम्ही तुर्भ्याला एका खोलीत राहायचो. हे तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत, कंप्रेसरच्या खोलीत कामाला. रविवारी मला मागे बसवून फिरवून आणायचे. इंजिन किती फिरतंय हे दाखवणारा काटा त्या गाडीला नव्हताच. वेगाचा होता, तो केबल तुटल्यापासून शून्यावर झोपलेला. सगळा कारभार कानावर. "इंजिन काय म्हणतंय ते ऐक," हे सांगायचे. "धापा टाकायला लागलं की खालचा गिअर. केकाटायला लागलं की वरचा. त्याला मागायची वेळ येऊ द्यायची नाही."

मग परीक्षा. "सांग, कितव्यात आहे?"

मी एका बाजूला पाय सोडून, पदर खोचून बसलेली. जरा वाकलं की ह्यांचा डावा बूट दिसायचा. पंजा पुढे दाबला की वरचा गिअर, टाच मागे मारली की खालचा. पहिले काही रविवार मी बुटाकडे बघून कॉपी केली. पुढे खरंच कळायला लागलं, आणि मी असह्य झाले. माहेरी जाऊन भावाला गिअर समजावून सांगत बसले. त्याच्याकडे बैलगाडी होती.

मुलं मोठी झाली, आम्ही खारघरला फ्लॅट घेतला, आणि त्याच सुमाराला ह्यांचं चालवणं बिघडलं. सरळ रस्त्याला दुसऱ्या गिअरमध्येच गाडी पिळत राहायचे. उलट तुर्भ्याच्या पुलाच्या चढाला चौथ्यात घालायचे, इंजिन धडधडून माझे दात वाजायचे. मी मागून टोमणे मारायची. "अहो, जीव घ्यायचाय का गाडीचा?" हे गप्प. "मी तुमच्याशीच बोलतेय." तरी गप्प.

खारघरचा हट्ट माझा होता, ह्यांना तुर्भ्याचा शेजार सोडवत नव्हता. म्हणजे हा त्याचाच राग, आणि तो इंजिनावर निघतोय, असा निकाल मी लावून टाकला. अबोला धरला. नऊ दिवस. ताट आदळून वाढायची, डबा आपटून हातात द्यायची, कपाटाची दारं धाडधाड लावायची. हे शांतपणे जेवायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "आज आमटी फक्कड झालीय." मी स्वयंपाकघरात जाऊन रागाने रडले. वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, असा निगरगट्ट माणूस जगात नसेल.

कळलं ते तुर्भ्याच्या सिग्नलला, एका लग्नाला जाताना. भर दुपार. सिग्नल सुटला आणि आमची गाडी जागची हलेना. मागे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले. इंजिन केव्हाच बंद पडलं होतं, आणि हे ॲक्सिलेटर पिळत होते, क्लच सोडत होते, पुन्हा पिळत होते. मग त्यांनी डावा हात काढला आणि तळवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. लेकराचा ताप बघावा तसा. टाकी थरथरत नव्हती. तेव्हा कुठे किक मारली.

टाकीवरचा तो हात मी कितीतरी सिग्नलांना पाहिला होता. मला वाटायचं गाडीला कुरवाळतात. खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला होता.

त्या कंप्रेसरच्या खोलीतल्या गोंगाटाने ह्यांचे कान खाल्ले होते. घरी समोरासमोर बोललं की ओठांवरून ओळखायचे, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि मी काय केलं, तर ऐकू न येणाऱ्या माणसापुढे नऊ दिवस जिवाच्या आकांताने भांडी आपटली. तेव्हाची मी आज मला भेटले, तर तिच्या हातातलं ताट काढून घेईन.

त्या संध्याकाळी हे भिंतीकडे बघत म्हणाले, "कंपनीत कळलं तर मशीनवरून काढतील. मुलांनाही नको सांगूस." मी समोर गेले आणि मान हलवली.

पुढच्या रविवारी पुलाच्या चढाला इंजिन धापा टाकायला लागलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या खांद्यावर माझा हात होता, तो दोनदा दाबला. टाच मागे गेली, खालचा गिअर पडला, गाडीने श्वास घेतला. पूल उतरताना एकदा दाबला. पंजा पुढे गेला. एवढंच. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, आणि नंतरची सगळी वर्षं तसंच चालवलं. रिटायर झाल्यावर मुलाने कानाचं मशीन आणलं, ते हेल्मेटमध्ये शिट्ट्या मारायचं, म्हणून खणात पडलं.

नऊ दिवसांचं सांगायचं मात्र राहत गेलं. समोर बसून सांगायची लाज वाटायची. मागच्या सीटवरून तीनचारदा सांगितलं, ते वारा घेऊन गेला, आणि मला ते माहीत होतं. एकदा चिठ्ठी लिहिली आणि फाडली. एका घरात राहून नवऱ्याला चिठ्ठ्या काय लिहायच्या.

गेल्या वर्षी हे गेले. गाडीचा काही दोष नाही, छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दुपारी हॉस्पिटलमध्ये डोळे मिटून पडलेले, म्हणजे माझे ओठही दिसायचे नाहीत. तरी मी कानाशी वाकून सगळं सांगितलं. अबोला, आदळलेली ताटं, आमटी, वरच्या मजल्यावरच्या बाईंना काय बोलले ते. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. श्वास चौथ्यात चढ चढणाऱ्या गाडीसारखा लागला होता. माझा हात सवयीने खांद्यावर गेलेला. मी दोनदा दाबला.

चादरीखाली डावी टाच मागे गेली. एकदाच.

नर्स म्हणाली, "असा पाय आखडतो कधी कधी, आजी." मी हो म्हटलं. संध्याकाळी हे गेले.

परवा नात खालून म्हणाली, "आता जमतंय मला, टेन्शन घेऊ नकोस. बस मागे, पुलापर्यंत जाऊन येऊ." मी गुडघ्याचं कारण सांगितलं. मागे बसले तर हात खांद्यावर जाईल, चढाला दाबला जाईल, आणि ती विचारेल, काय झालं आजी. तिला ऐकू येतं. तिला मी वरून ओरडलेलं पुरतं.